तोराचा मान आणि बाबांचं नाव

बाबांना जाऊन हेश्वान महिन्यात वर्ष झालं. आमची वर्षाची तारीख हिब्रू पंचांगाने धरतात त्यामुळे इंग्रजी तारखेला काही येत नाही, दरवर्षी पुढेमागे सरकते, आणि रीत अशी की त्या तारखेच्या आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, मुलाने सिनेगॉगमधे तोरासमोर, म्हणजे आमच्या धर्मग्रंथासमोर, उभं राहायचं. मी तेराव्या वर्षी बार मित्सवाला, म्हणजे मुलगा धर्माने वयात येतो त्या विधीला, उभा राहिलो होतो, लग्नाच्या वेळी एकदा, त्यानंतर सरळ यावेळीच. हे लिहायचं कारण म्हणजे आमच्यातल्याच तरुण मुलांना हे मान काय असतात ते नीट माहीत नसतं, आणि बाहेरच्या मित्रांना तर बेने इस्राएल म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

तेवढं पटकन सांगतो. आम्ही कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष सात बायका वाचल्या आणि त्यांचे आम्ही वंशज, ही घराघरातली गोष्ट. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. आडनावं दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी गावावरून, घरात भाषा मराठी, आणि सिनेगॉगला आजीच्या पिढीपर्यंत मशीदच म्हणायचे. मुंबईतली पहिली सिनेगॉग, शाआर हाराहामीम, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधली. सामाजी हसाजी म्हणजे सॅम्युएल इझिकेल. हे नावाचं मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमची सिनेगॉग रायगड जिल्ह्यात आहे, कुठली ते लिहीत नाही. पूर्वी गच्च भरायची, आता आसपासची घरं मोजून दहा-बारा. बाकीचे सगळे इस्राएलला, दिमोना, लोद, अश्दोद, बेर शेवा. माझा मोठा भाऊ पण दिमोनाला, वीस वर्षं झाली. मी ठाण्याला राहतो, शुक्रवारी दुपारी गावी जातो आणि रविवारी परत. बाबा गेल्यावर कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला जायला लागलो. कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात, त्यांना मिन्यान म्हणतात. आमच्याकडे दहा जमवायचे म्हणजे गुरुवारपासून फोन.

कोकणात मान हा शब्द कुणाला समजावून सांगायला नको. पालखीचा मान, होळीचा मान, नारळाचा मान, कोणाचं घर आधी, कोणाचं नंतर, त्यावरून भावकीत बोलणं बंद होतं. सिनेगॉगमधे पण मान असतात, आम्ही मित्सवा म्हणतो. फरक एवढाच की हे बहुतेक पिढीजात नसतात. कोहेन, म्हणजे पुजारी घराण्यातला माणूस हजर असेल तर तोरावाचनाला बोलवायचा पहिला मान त्याचा, दुसरा लेवी घराण्यातल्याचा, बाकी सगळे, म्हणजे इस्राएल, सारखे. आमच्या सिनेगॉगमधे कोहेन पण नाही आणि लेवी पण नाही, त्यामुळे पहिल्या मानालासुद्धा कोणीही इस्राएल चालतो. म्हणजे आज रिक्षा चालवणारा पहिला आणि बँकेतून रिटायर झालेला साहेब पाचवा, असं होतं आणि कोणाला त्यात काही वाटत नाही.

बाबा गेल्यावर मला आधी मान मिळाला तो पडदा सरकवायचा. हेखाल म्हणजे भिंतीतलं कपाट, जेरुसलेमच्या दिशेला, त्यात सेफेर तोरा, म्हणजे तोराची हाताने लिहिलेली गुंडाळी, ठेवतात. समोर मखमलीचा पडदा, वर नेर तामीद, म्हणजे कायम तेवणारा दिवा. पडदा सरकवून दार उघडायचं याला पेतिहा म्हणतात. यात तोंडाने काही बोलायचं नसतं म्हणून नवख्या माणसाला हाच देतात, आणि मला पण म्हणूनच दिला असेल. पण दार उघडल्याबरोबर सगळी माणसं एकदम उभी राहतात, मागे बाकांचा आवाज होतो, तुमची पाठ त्यांच्याकडे असते आणि समोर तीन सेफेर उभे, आणि आतून जुन्या लाकडाचा वास येतो. त्या दिवशी मी दाराला हात लावला तेव्हा ते गार होतं आणि माझ्या हाताला घाम होता, एवढंच आठवतं.

मग काही आठवड्यांनी रिम्मोनीम. रिम्मोन म्हणजे डाळिंब. सेफेरच्या डोक्यावर चांदीची दोन डाळिंबं बसवलेली असतात, त्यांना बारीक घुंगरं. वाचायच्या आधी ती काढून कोणीतरी धरून बसायचं आणि नंतर परत बसवायची. आमच्याकडे हे लहान मुलांना पण देतात आणि ते बरोबरच आहे, मुलाला एकदा चांदीची घुंगरं हातात दिली की ते तासभर हलत नाही, ती वाजू नयेत म्हणून श्वास पण जपून घेतं.

पावसाळ्यात हकामाचा, म्हणजे सेफेर उचलून दाखवायचा मान आला आणि तो मात्र अवघड. युरोपातल्या ज्यूंचा सेफेर कापडात गुंडाळलेला असतो आणि ते वाचून झाल्यावर तो उघडून उंच धरतात. आम्ही सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या पद्धतीचे, आम्ही वाचायच्या आधी उचलतो. आणि आमचा सेफेर गोल लाकडी डब्यात उभा असतो, त्याला तिक म्हणतात, दोन पाखं उघडली की आत गुंडाळी दिसते. तो डबा उघडा करून दोन्ही हातांनी उचलायचा आणि सगळ्या बाजूंना फिरवून अक्षरं दाखवायची. वजन दहा-बारा किलो तरी असेलच. तुम्ही म्हणाल दहा-बारा किलो म्हणजे काय, तांदळाची अर्धी गोण. पण तांदूळ खाली पडला तर केरसुणीने गोळा करता येतो. सेफेर पडला तर ज्यांनी पडताना बघितला त्या सगळ्यांनी उपास करायची रीत आहे, चाळीस दिवसांचा म्हणतात, आणि हे तुमच्या डोक्यात तेव्हाच येतं जेव्हा हात डब्याखाली गेलेला असतो.

त्यात पावसाने लाकूड फुगलेलं. एक पाख उघडेना. शामाश काकांनी, म्हणजे सिनेगॉग सांभाळणाऱ्यांनी, अंगठ्याने हळूच वर दाबून उघडून दिलं, त्यांना ती खोड माहीत होती. मग मी उचलला आणि आधी उजवीकडे फिरलो. लोक सिसिथची, म्हणजे प्रार्थनेच्या शालीची, झालर अक्षरांकडे करून ओठांना लावतात आणि सगळे एका आवाजात म्हणतात, वेझोथ हातोरा आशेर साम मोशे लिफ्ने बेने इस्राएल. म्हणजे मोशेने बेने इस्राएलांपुढे ठेवली ती ही तोरा. हे वाक्य मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलंय, पण डबा हातात धरून ऐकताना पहिल्यांदा लक्षात आलं की ते आपलंच नाव आहे. शाळेत, ऑफिसात, भाड्याचं घर बघताना, बेने इस्राएल म्हणजे नक्की कोण हे मी किती जणांना सांगितलं असेल. ज्या लोकांची ओळख सगळीकडे समजावून सांगावी लागते त्यांचं नाव त्या ओळीत कोणाला काही न समजावता घेतलेलं आहे. मी वळून वर माडीकडे पण फिरवला. तिथे बायका बसतात, आई कठड्याशी होती, तिने हात पुढे करून बोटं ओठांना लावली.

मानाचे पैसे हा विषय पण लिहितो, कारण त्यावर बाहेरून बघणारे नाक मुरडतात. मोठ्या सणांना आमच्याकडे मानांचा लिलाव होतो. किप्पुर, ज्याला आमची जुनी माणसं दरफाळणीचा सण म्हणायची, दारं लावून घरात आणि देवापुढे बसायचा दिवस, त्या दिवशी शेवटच्या प्रार्थनेला, नेइलाला, हेखाल उघडायचा मान सगळ्यात वरचा. दिवसभराचा उपास, सगळे पांढऱ्या कपड्यात, घसे कोरडे, आणि तेबावर, म्हणजे तोरा वाचायच्या ओट्यावर, उभा राहून सिनेगॉगचा मुकादम पुकारतो, नेइलाची पेतिहा, पाचशे एक. सहाशे एक. मग खाली दोघांची चढाओढ सुरू झाली आणि मी गप्प होतो कारण माझा विचारच नव्हता. तेवढ्यात माडीवरून माझ्या मुलीचा आवाज आला, आजी म्हणते अकराशे एक. सगळ्यांनी वर बघितलं. मुकादम म्हणाला, अकराशे एक एकवार, अकराशे एक दोनवार, आणि जे दोघे चढवत होते ते दोघेही खाली बघत बसले, एकानेही पुढे बोली लावली नाही. माझी खात्री आहे त्यांच्याकडे पैसे होते. तीनवार झालं आणि आईने तो मान माझ्यासाठी घेतला. याला कोणी देवाचा बाजार म्हणत असेल तर म्हणो. त्या पैशाने छपराची कौलं शाकारली जातात आणि शामाशचा पगार होतो, आणि वर बसलेल्या बाईला स्वतः तेबावर जाता येत नाही तिथे तिचा आवाज तरी पोचतो.

मुलीने मला विचारलं होतं की मला तेबावर का बोलवत नाहीत, मी पण हिब्रू वाचते, तुमच्यापेक्षा नीट. ती खरंच नीट वाचते. मी तिला रीत आहे म्हणून सांगितलं आणि सांगताना मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

आता आलिया. आलिया म्हणजे चढणं, तेबावर चढून तोरासमोर उभं राहणं. सोमवार-गुरुवारी तीन जणांना बोलवतात, नव्या चंद्राला चार, सणाला पाच, किप्पुरला सहा आणि शब्बाथला सात, वर शेवटचा एक, माफ्तीर. जितका दिवस मोठा तितकी माणसं जास्त, आणि शब्बाथ किप्पुरपेक्षाही मोठा, हे मला फार आवडतं, दर आठवड्याला येणारा साधा शनिवार सगळ्यात वर. मुंबईच्या भरलेल्या सिनेगॉगमधे आलियासाठी वाट बघावी लागते. आमच्याकडे तेरा पुरुष असतील तर त्यातले आठ वर जाऊन येतात.

हझानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, मला महिनाभर आधी सांगितलं, तुला सहावी आलिया, पूर्ण नाव कळव. बोलवताना अमुक बेन तमुक असं बोलवतात, म्हणजे तुमचं हिब्रू नाव आणि वडिलांचं. आडनाव नाही, साहेब नाही. मग बाबांसाठी हाश्काबा म्हणायची, मृतांची प्रार्थना, त्यात बाबांचं नाव आणि आजोबांचं.

आणि इथे गाडी अडली. बाबांना सगळं गाव ज्या नावाने ओळखायचं ते मराठी वळणाचं, शाळेच्या दाखल्यावर तेच, रेशनकार्डावर तेच. माझ्या लग्नाच्या केथुबामधे, म्हणजे लग्नपत्रात, लिहिणाऱ्याने तेच नाव हिब्रू अक्षरांत उतरवलेलं. पण ते हिब्रू नाव नव्हतंच. जुने हझान कधीच इस्राएलला गेले, आत्ताचे तरुण, आणि बाबा शेवटची काही वर्षं आजारपणामुळे सिनेगॉगला येतच नव्हते, त्यामुळे त्यांनी बाबांना कधी वर बोलवलेलंच नाही. मी आईला विचारलं. आई म्हणाली, कागदात आहे बघ. मी म्हटलं कागद शोधतो पण तू सांग ना. ती परत म्हणाली, ट्रंकेत आहे, माझ्या साड्यांच्या खाली. तेव्हा मला कळलं की ती सांगणार नाही. पन्नास वर्षांत तिने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलेलं नाही, आमच्या घरात पण ही पद्धत होतीच, शेजारच्या कुणब्यांच्या घरात होती तशीच, आणि आता तो नाही म्हणून ती ते मोडणार नव्हती.

ट्रंकेत आई-बाबांचा केथुबा सापडला. घडीवर घडी, घडीच्या रेषांवर शाई उडालेली, कडेला वेलबुट्टी. बाबांचं नाव नेमकं घडीवर आलेलं, पहिलं अक्षर आणि शेवटची दोन दिसत होती, मधे कागदाचा नुसता सुताडा. मुलीने मोबाईलचा टॉर्च मागून धरला तेव्हा अक्षरं उमटली. फोटो काढून दिमोनाला भावाला पाठवला, त्याने लोदच्या एका चुलतआजोबांना दाखवला. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मराठी आपल्याच गावची, साठ वर्षांत जरा पण बदललेली नाही. म्हणाले, हो रे, ह्याच नावान त्याला वर बोलवायचे, मी बाजूलाच बसायचो, आवाज मोठा होता त्याचा. ते नाव मी इथे लिहीत नाही. हझान म्हणाला मिलाच्या, म्हणजे सुंतेच्या वेळी ठेवलेलं नाव तेच खरं, तेच घेऊ.

मग बेराखांची तयारी. वाचायच्या आधी एक आशीर्वचन, वाचून झाल्यावर एक. वाचन स्वतः हझान करतो, कारण सेफेरमधे स्वरचिन्हं नसतात, विराम नसतात, नुसती व्यंजनं, तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरं कातड्यावर हाताने लिहिलेली. आपण हळू आवाजात बरोबर वाचायचं. माझं हिब्रू वाचन अडखळत, म्हणून देवनागरीत लिहिलेला कागद खिशात ठेवून लोकलमधे ठाणे ते सीएसएमटी पाठ करायचो. दोन्ही बेराखांची सुरुवात सारखी आहे, मधे एका जागी फाटा फुटतो, पहिलीत आशेर बाहार बानु, दुसरीत आशेर नातान लानु. आपल्याला निवडलं आणि आपल्याला दिली, एवढाच फरक. पाठ करताना शंभर वेळा बरोबर आलं.

भाऊ दिमोनाहून आला. दोन भावांना किंवा बाप-लेकांना पाठोपाठ बोलवत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. हे कळल्यावर माझी बायको म्हणाली, म्हणजे दृष्ट तिकडे पण लागते तर. त्याला चौथी आलिया दिली, मला सहावी, मधे एक शेजारचे काका.

त्या शब्बाथचा भाग होता हाये सारा. सारा वारते, अब्राहाम तिच्यासाठी हेब्रोनला चारशे शेकेल चांदी मोजून माखपेलाची गुहा विकत घेतो, मग इसहाकचं लग्न. आणि सहाव्या आलियात अब्राहाम स्वतः जातो, एकशे पंचाहत्तर वर्षांचा होऊन, आणि त्याची दोन मुलं, इसहाक आणि इश्माएल, जी वेगळी झालेली असतात, दूर राहत असतात, ती एकत्र येऊन बापाला माती देतात. हझानने हे ठरवून केलं की तसं आलं ते मी विचारलं नाही. बाबा गेले तेव्हा भाऊ विमानात होता. आमच्यात थांबवत नाहीत, त्याच दिवशी दफन. मी एकट्याने माती दिली होती.

हझानने पुकारलं. माझं नाव, बेन, आणि मग ते नाव, पूर्ण, नीट, मोठ्याने.

मी उठलो. तेबा मधोमध असते, वर जाताना जवळच्या वाटेने जायचं आणि उतरताना लांबच्या वाटेने, म्हणजे जायची घाई दिसावी आणि निघायची नाही. मी दोन बाकांमधून सरळ गेलो. तीन पायऱ्या. हझानने यादने, म्हणजे एक बोट पुढे केलेल्या चांदीच्या छोट्या हाताने, कुठून सुरू तो शब्द दाखवला. कातड्याला बोट लावायचं नाही. मी सिसिथची झालर त्या शब्दाला टेकवली, ओठांना लावली, डब्याची कड धरली, बारेखू म्हटलं, सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि मग मी फाट्यावर येऊन आशेर नातान म्हणालो. दुसरी. वाचून झाल्यावरची, आणि अजून काही वाचलेलंच नव्हतं.

हझानने डोकं पण वर केलं नाही, फक्त माझ्या कानाला ऐकू जाईल एवढं म्हणाला, बाहार बानु. मी थांबलो, तिथूनच परत म्हटलं. खाली कोणी खोकलं नाही, कोणी हसलं नाही, सगळ्यांनी आमेन म्हटलं, जितक्या जोरात भावाच्या वेळी म्हटलं होतं तितक्याच.

मग त्याने वाचलं. अकरा ओव्या. याद सरकत होती आणि मी तिच्या टोकाकडे बघत होतो. इसहाक वेइश्माएल बानाव, हे आलं तेव्हा मला शब्द समजले, इसहाक आणि इश्माएल, त्याचे मुलगे. भाऊ खाली तिसऱ्या बाकावर होता. दुसरी बेराखा मी कागद न बघता म्हटली.

मग हाश्काबा झाली, बाबांचं नाव दुसऱ्यांदा, आजोबांच्या नावासकट. पुढचा माणूस वर येऊन त्याचं होईपर्यंत तिथेच बाजूला थांबायचं असतं, ते बरं असतं, लगेच खाली जावं लागत नाही. उतरताना मी लांबच्या वाटेने गेलो, सगळ्या बाकांना वळसा घालून, आणि प्रत्येकजण हाझाक उबारूख म्हणत हात पुढे करत होता. आम्ही शेकहॅंड करत नाही, हात बोशी करतो, समोरच्याच्या हाताला बोटं लावायची आणि आपली बोटं ओठांना. भावापाशी आलो तेव्हा त्याने हात सोडलाच नाही, मला जागा करून बाजूला बसवलं.

मी देणगी पाचशे एक बोललो होतो. शब्बाथला लिहायचं नसतं, पैशाला हात लावायचा नसतो. शामाश काकांकडे प्रत्येक घराचं एक जाड कार्ड आहे, कडेला आकडे छापलेले, जेवढे बोलाल त्या आकड्याचा कान ते दुमडून ठेवतात. रविवारी सकाळी दोघं भाऊ जाऊन पैसे भरून आलो, त्यांनी आमच्यासमोर कान परत सरळ केला आणि पावती मराठीत लिहून दिली, बाबांच्या हिब्रू नावाने. स्पेलिंग मी सांगितलं.

पण शनिवारचं दुपारचं राहिलं. जेवायला बसलो, आई वाढत होती. माझ्या डोक्यात चुकलेलं तेच फिरत होतं, म्हणून मी तिला म्हटलं, मी सुरुवातीला चुकलो, वर ऐकू आलं का. ती म्हणाली, ते नाही आलं. मग नारळाच्या दुधातली कढी भावाच्या वाटीत ओतली, थांबली, आणि म्हणाली, नाव आलं. दोन्ही वेळा.